विचारा की! : ‘वरून आदेश आहे’ म्हणजे नेमकं कुठून?

ह्या महिन्यात तुमच्या कायद्याच्या प्रश्नांच्या पत्रांचा गठ्ठा सोडला आणि वाटलं, सगळ्यांनी ठरवून लिहिलंय की काय. एरवी निम्मी पत्रं वाटणीची, उरलेली भाडेकरूची, आणि एखादं तरी शेजाऱ्याच्या झाडाचं. ह्यावेळी पोलीस, फोन, जमावबंदी, कॅमेरे. पाच-सहा निवडलीत. नावं नेहमीसारखी गाळलीत आणि ठाणं कुठलं तेही गाळलंय, कारण उद्या पत्र लिहिणाऱ्यालाच त्याच रस्त्यानं जायचंय.

प्रश्न : काका नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, आई विड्या वळते, मी टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. पाणी चार-पाच दिवसाआड येतं म्हणून आम्ही पोरांनी ग्रुपवर टाकलं की मंत्री येणारेत तर रिकाम्या घागरी घेऊन रस्त्याकडेला उभं राहू. आदल्या दिवशी घरी एक कागद आला, १६८ ची नोटीस म्हणाले, सही घेतली, कॉपी दिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला दोघं आले, साहेबांनी बोलवलंय पाच मिनिटं, म्हणून गाडीवर बसवून नेलं आणि संध्याकाळी सहापर्यंत बाकावर बसवून ठेवलं. मोबाईल काढून ड्रॉवरमध्ये टाकला. मारलं वगैरे काही नाही, चहा दिला, वडापाव पण दिला. पण का बसवलंय विचारलं की एकच, वरून आदेश आहे. त्या दिवसाची मजुरी बुडाली. ही अटक होती का? माझ्या नावावर काही लागलं का? पुढं पासपोर्ट काढायचाय.

उत्तर : आधी भीती काढतो. १६८ ची नोटीस म्हणजे गुन्हा नव्हे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम १४९ होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहिता आली आणि नंबर बदलला, म्हणून जुने हवालदार अजून एकशे एकोणपन्नासच म्हणतात. कलम एवढंच सांगतं की दखलपात्र गुन्हा होऊ नये म्हणून पोलिसांनी मध्ये पडावं. त्यात नोटीस हा शब्दसुद्धा नाहीये, ती पोलिसांनी पाडलेली पद्धत आहे. पासपोर्टच्या अर्जात कोर्टात चालू असलेल्या केसबद्दल विचारतात, ही केस नाही, त्यामुळं ते डोक्यातून काढ.

आता बाकावरचे साडेदहा तास. ह्याला कायद्यात काय म्हणायचं हाच तर घोळ आहे. प्रतिबंधात्मक अटक करायची तर कलम १७० आहे (जुनं १५१), पण त्यासाठी तू दखलपात्र गुन्ह्याचा बेत आखलायस आणि तुला धरल्याशिवाय तो टळणारच नाही असं अधिकाऱ्याला वाटलं पाहिजे, आणि चोवीस तासांच्या वर ठेवता येत नाही. नव्या संहितेत १७२ म्हणून अजून एक कलम आलंय, पोलिसांनी दिलेली कायदेशीर सूचना पाळली नाही तर ताब्यात घेता येतं आणि किरकोळ प्रकरण असेल तर चोवीस तासांच्या आत सोडायचं. ह्या कलमाची चर्चा फार कमी झाली पण रस्त्यावरच्या माणसाला सगळ्यात जास्त हेच लागणारे. तुझ्या बाबतीत मला वाटतं की ह्यातलं काहीच लावलेलं नाही. स्टेशन डायरीला बहुतेक ‘चौकशीकामी स्वखुशीने हजर’ अशी ओळ असेल, किंवा तीही नसेल. म्हणजे कागदावर तू त्या दिवशी तिथं नव्हतासच. मग उठून का नाही गेलास असं कुणी विचारेल, तर मोबाईल ड्रॉवरमध्ये आणि दारात शिपाई असताना कोण उठून जातो ते मला माहितीये. मोकळेपणी जाता येत नसेल तर ती अटकच, तिला नाव काही द्या.

अटक म्हटलं की मग घटनेचं कलम २२ येतं, कारण सांगायचं, वकील भेटू द्यायचा, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं न्यायचं, आणि घरच्यांना कळवायचं हे संहितेत आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं आपल्या महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये सांगितलं की अटकेचं कारण लेखी द्यायचं, सगळ्या गुन्ह्यांत, आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत. पूर्व भागात निम्म्या घरात तेलुगू बोलतात, तेव्हा ही शेवटची अट आपल्याकडं फार कामाची.

एक आठवण सांगतो, विषय सोडून नाहीये. १९७५ ला मी सातवीत होतो, आमच्या वाड्यात एक मास्तर राहायचे, त्यांना रात्री नेलं. मास्तरीण बाई सकाळी ठाण्यात गेल्या, गुन्हा काय विचारलं, उत्तर आलं मिसा, म्हणजे खटला न चालवता डांबायचा कायदा. पुढं काय? पुढं काही नाही, कारण आणीबाणीत त्या कायद्यात दुरुस्तीच अशी केली होती की कारण सांगायची गरज नाही. मास्तरांची सायकल जिन्याखाली होती, तिचे दोन्ही टायर बसले, आम्ही पोरं तिच्यावर पेडल फिरवत बसायचो आणि बाई काही बोलायच्या नाहीत. १९७६ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की आणीबाणीत ह्याविरुद्ध दाद मागता येणार नाही, पाचपैकी एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात गेले, पुढं त्यांना डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं. तो निकाल रीतसर पुसला गेला २०१७ ला. हे सगळं वाईटच, पण बघ, मास्तरांच्या कागदावर ‘मिसा’ हा शब्द तरी होता. तुझ्याकडं तेवढं पण नाही. स्थानबद्धतेचा लेखी हुकूम काढणाऱ्याला कोर्टात उभं करता येतं, तोंडी ‘बस तिथं’ म्हणणाऱ्याचं काय करायचं?

म्हणून आजच्या आज एक साधा अर्ज लिही. अमुक तारखेला इतक्या वाजल्यापासून इतक्या वाजेपर्यंत मला बसवून ठेवलं, कोणत्या कलमाखाली ते लेखी कळवावं, नोटिशीची प्रत द्यावी, आणि त्या दिवसाचं ठाण्यातलं सीसीटीव्ही फुटेज जतन करावं. ही शेवटची ओळ विसरू नको. डिसेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावा, आवाजासकट, आणि रेकॉर्डिंग १८ महिने ठेवा, अगदीच जमत नसेल तर कमीत कमी वर्षभर, असं सांगितलंय. कॅमेरा बंद होता असं उत्तर आलं तर तेही लेखीच घे. एक प्रत पोलीस आयुक्तांना, पोचपावती सांभाळून ठेव. आणि चहा-वडापावचा उल्लेख अर्जात जरूर कर, खरं आहे ते, शिवाय तू तिथं होतास ह्याला आधार पण मिळतो. मजुरीचं मात्र कुणी देणार नाही, उगीच आशा लावत नाही.

प्रश्न : वकीलसाहेब, गाडी चोरीला गेली, तक्रार घेईनात म्हणून मी ठाण्यात मोबाईलवर शूटिंग सुरू केलं तर साहेब म्हणाले ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट लावतो, चौदा वर्षं आत जाशील. खरं का?

उत्तर : नाही हो. १९२३ चा कायदा आहे, हेरगिरीसाठी केलेला. त्यात ‘प्रतिबंधित ठिकाण’ काय काय ते सविस्तर दिलंय, तळ, शस्त्रागार, जहाजं वगैरे, पोलीस ठाणं त्यात नाही. वर्ध्याला अगदी असाच गुन्हा लावला होता, मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२२ मध्ये तो रद्द केला. म्हणजे काय वाट्टेल ते शूट करावं असं नाही, एखादी पीडित बाई समोर बसली असेल तर तिचा चेहरा आला की तुम्हीच अडकाल. आणि तक्रार घेत नसतील तर शूटिंगपेक्षा पोस्टानं तक्रार पाठवा, १७३(४) मध्ये ती सोय आहे, आधी वरिष्ठांकडं आणि तिथंही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडं.

प्रश्न : मी शाळेत शिक्षिका आहे, जुन्या पेन्शनच्या आंदोलनात पुढं होते. तेव्हापासून फोनवर बोलताना खरखर येते, मध्येच कट होतो. माझा फोन टॅप होत असेल का? कसं कळणार? माहिती अधिकारात विचारता येईल का?

उत्तर : ताई, खरखर येते ती टॉवरची. टॅपिंग खरंच चालू असेल तर काहीही आवाज येणार नाही, उलट आवाज स्वच्छ येत असेल तरी सांगता येत नाही. मुळात आज ऐकायचं काम कंपनीच्या यंत्रणेतूनच होतं, तुमच्या वायरीला कुणी चिमटा लावत नाही.

सीडीआर आणि टॅपिंग ह्यात लोक गोंधळ करतात. सीडीआर म्हणजे कुणी कुणाला किती वेळ फोन केला आणि कुठल्या टॉवरखाली होता, तपासात पोलीस ते सर्रास काढतात. टॅपिंग म्हणजे बोलणं ऐकणं, आणि त्याला राज्यात गृहसचिवांचा लेखी आदेश लागतो. हे आपोआप नाही आलं. १८८५ च्या तार कायद्यात ‘सार्वजनिक आणीबाणी’ किंवा ‘सार्वजनिक सुरक्षितता’ असेल तर तारा अडवता येतील असं होतं, आणि शंभर वर्षं नियमच नव्हते. १९९६ च्या डिसेंबरात पीयूसीएल ह्या नागरी हक्कांच्या संघटनेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं पहिल्यांदा चौकट घातली. आता तार कायद्याच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आलाय, चौकट साधारण तीच, आदेश ६० दिवसांचा, वाढवत वाढवत जास्तीत जास्त १८० दिवस, आणि एक समिती आढावा घेणार.

आता गंमत बघा. आदेश देणार गृहसचिव, आढावा घेणार मुख्य सचिव आणि अजून दोन सचिव. न्यायाधीश कुठंच नाही. आणि ज्याचा फोन ऐकला त्याला ना आधी सांगायचं ना नंतर, ठरावीक मुदतीनंतर रेकॉर्ड नष्ट करायचं. म्हणजे नियम मोडला तर तक्रार करायचा हक्क तुम्हाला आहे, पण मोडला हे कळायची सोय नाही. माझा खरा राग ह्यावर आहे. गुन्हेगारावर पाळत ठेवू नका असं कुणीच म्हणत नाही, पण काम संपल्यावर, वर्ष-दोन वर्षांनी तरी, बाई तुमचा फोन आम्ही ऐकत होतो आणि काही मिळालं नाही, एवढं एक पत्र धाडायला काय हरकत आहे?

ज्यांना कळलं त्यांना केस चालली म्हणून कळलं. २०१९ मध्ये मुंबई हायकोर्टानं लाचेच्या एका प्रकरणात एका व्यावसायिकाचे टॅपिंगचे तिन्ही आदेश रद्द केले, लाच वाईट असली तरी ती सार्वजनिक सुरक्षितता नव्हे म्हणून, आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. पेगॅसस ह्या फोनमध्ये शिरून हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरचं तुम्ही पेपरात वाचलं असेल. सुप्रीम कोर्टाच्या समितीनं २९ फोन तपासले, पाचांत कसलं तरी मालवेअर सापडलं, ते पेगॅससच होतं असं सिद्ध झालं नाही, आणि सरकारनं सहकार्य केलं नाही असं समितीनं सांगितल्याचं सरन्यायाधीशांनी २०२२ च्या ऑगस्टमध्ये कोर्टात बोलून दाखवलं. सुप्रीम कोर्टापुढं जी गोष्ट उघड होत नाही ती माहिती अधिकारात तुम्हाला मिळेल असं मी सांगणार नाही. अर्जाचे दहा रुपये वाचवा. आणि आंदोलन काही चोरून केलं नव्हतं ना, मग फोनवर तेच बोला जे मोर्च्यात माईकवर बोललात.

प्रश्न : आमच्या मंडळाला दरवेळी सांगतात जमावबंदी आहे. ही जमावबंदी उठते कधी?

उत्तर : चांगला प्रश्न, कारण मी पण बघतोय, ती उठतच नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७(३). पाच किंवा जास्त लोकांच्या जमावाला बंदी. सरकारच्या मंजुरीशिवाय असा आदेश १५ दिवसांच्या वर चालत नाही, म्हणून पंधरा दिवस संपले की नवा आदेश, परत पंधरा दिवस. कारण पण ठरलेलं, आगामी सण, आंदोलनं, दौरे. लग्न, अंत्ययात्रा, धार्मिक कार्यक्रम सहसा वगळतात, त्यामुळं गड्ड्याच्या जत्रेत लाखभर माणूस जमलं तरी शांतता भंगत नाही आणि पाण्यासाठी सहाजण उभे राहिले की भंगते. वरच्या पहिल्या पत्रातल्या पोरासारख्यांना पकडायला हेच वापरतात, उभं राहणं गुन्हा नसतो पण आदेश मोडणं असतो. इंटरनेट बंदीच्या प्रकरणात १० जानेवारी २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की असे आदेश एकामागून एक काढत राहणं म्हणजे अधिकाराचा गैरवापर, आणि आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत. ते जुन्या फौजदारी संहितेतल्या जमावबंदीच्या कलम १४४ बद्दल होतं (आता १६३), पण तर्क तोच. तेव्हा पुढच्या वेळी मंडळानं आदेशाचा नंबर आणि तारीख मागावी, नम्रपणे, पंधरा दिवस मोजावेत.

प्रश्न : तुमचा कॉलम आवडीनं वाचतो पण हल्ली तुम्ही फक्त पोलिसांनाच धारेवर धरता. मी सैन्यातून रिटायर झालोय. देश टिकला तर स्वातंत्र्य टिकेल. ज्याच्या मनात पाप नाही त्याला कडक कायद्याची भीती कशाला? अतिरेक्यांशी काय कायद्याची पुस्तकं उघडून बोलायचं का?

उत्तर : साहेब, तुम्ही सीमेवर उभे राहिलात, मी जिल्हा न्यायालयाच्या वऱ्हांड्यात, त्यामुळं तुमचा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. २६/११ नंतर महिन्याभरात यूएपीए, म्हणजे दहशतवादाविरुद्ध वापरतात तो बेकायदेशीर कृत्यं प्रतिबंधक कायदा, कडक झाला तेव्हा मलाही ते बरोबरच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. जामीन जवळपास मिळूच नये अशी तरतूद, १८० दिवसांपर्यंत आरोपपत्राशिवाय कोठडी. दहशतवादाविरुद्धचे आधीचे दोन कायदे, टाडा १९९५ ला गेला, पोटा २००४ ला गेला, दोन्ही गैरवापराची ओरड होऊन गेले, पण त्यांच्यातलं बरंचसं सामान यूएपीएच्या घरात आलं आणि हा कायदा मुदतीचा नाही, कायमचा आहे. २०१९ पासून तर संघटना नको, एकट्या माणसालाही खटला न चालवता दहशतवादी जाहीर करता येतं.

पण पाप नसेल तर भीती कशाला, ह्याचं उत्तर मला मुंबईच्या लोकल स्फोटांनी दिलं. ११ जुलै २००६, १८० च्या वर माणसं गेली. मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा, लावला, पाचजणांना फाशी, सातजणांना जन्मठेप. आणि जुलै २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टानं सगळ्यांना निर्दोष सोडलं, कबुलीजबाबांवर विश्वास ठेवता येत नाही म्हणून. सरकार सुप्रीम कोर्टात गेलंय, तिथं काय व्हायचं ते होईल. पण हायकोर्टाचं बरोबर असेल तर दोन गोष्टी एकदम खऱ्या होतात, ही माणसं १९ वर्षं उगीच आत होती आणि ज्यांनी बॉम्ब ठेवले ते १९ वर्षं मोकळे फिरले. कडक कायद्यानं देश सुरक्षित झाला का मग? आपल्या व्यवसायात एक अनुभव आहे, कबुलीजबाब चालतो म्हटलं की तपास आळशी होतो.

दुसरं, तुम्ही सोलापूरचे आहात. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून, आपल्या चार पुतळ्यावरून, रोज जाता. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्यावर इथं काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको, गोळीबार झाला, इंग्रज अधिकारी गाव सोडून गेले, दोन-तीन दिवस शहर लोकांनी चालवलं. मग १२ मे ते ३० जून मार्शल लॉ. डोक्यावर गांधी टोपी दिसली की शिक्षा, हातात झेंडा दिसला की शिक्षा. तेव्हाचा अधिकारी पण हेच म्हणत असणार, ज्याच्या मनात पाप नाही त्यानं टोपी काढावी की. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन ह्या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. माझे आजोबा त्या वेळी गिरणीत होते, ते मार्शल लॉला ‘मार्शाला’ म्हणायचे, आणि आमच्या घरात कुणी फार अरेरावी केली की आजी म्हणायची, काय मार्शाला लावलाय का. कितीतरी वर्षं मला तो मसाल्याचा प्रकार वाटायचा.

आता जनसुरक्षा विधेयक काढून वाचा, जुलै २०२५ मध्ये आपल्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेलं. बारा हजारांवर सूचना आल्या होत्या, समितीनं थोडे बदल केले, कडव्या डाव्या संघटनांपुरतं आहे असं वर लिहिलं. ठीक. पण आत ‘बेकायदेशीर कृत्य’ ह्याच्या व्याख्येत बघा, प्रस्थापित कायदा आणि संस्था ह्यांची अवज्ञा करायला प्रोत्साहन देणं किंवा तसा उपदेश करणं. साहेब, १९३० ची चळवळ सविनय कायदेभंगाचीच होती, नावातच होतं. जंगल सत्याग्रह, शिंदीची झाडं तोडणं, मीठ, सगळं अवज्ञाच. मी असं म्हणत नाही की आजचं सरकार म्हणजे इंग्रज, ते बोलणं मला पोरकट वाटतं, आजचं सरकार आपण निवडतो आणि पाडू पण शकतो. मी एवढंच म्हणतोय की ती व्याख्या वाचताना आजचे गृहमंत्री डोळ्यासमोर आणू नका, तुम्हाला जो पक्ष मुळीच आवडत नाही त्याचा गृहमंत्री आणा, आणि मग मला परत पत्र लिहा. छापीन.

प्रश्न : आमच्या गल्लीच्या तोंडाला कॅमेरे लागलेत. खर्च किती, फुटेज किती दिवस ठेवतात, कोण बघतं, असं माहिती अधिकारात विचारलं. ‘सुरक्षेच्या कारणास्तव माहिती देता येत नाही’ एवढ्या एका ओळीचं उत्तर आलंय. आता?

उत्तर : आता अपील. ‘सुरक्षा’ म्हणून सरसकट असं काही कायद्यात नाही. कलम ८(१)(अ) देशाची सुरक्षा म्हणतं, सार्वभौमत्व, परराष्ट्र संबंध, त्या ओळीतलं. गल्लीतल्या खांबावरचा कॅमेरा केवढ्याला घेतला हे कळल्यानं देशाला काय होणारे? नाकारायचं तर कुठलं पोटकलम आणि का, हे कारणासकट लिहावं लागतं, आणि अपील कुणाकडं करायचं तेही त्याच पत्रात द्यावं लागतं, तुमच्या पत्रात दोन्ही नाही. कॅमेऱ्याचे कोन वगैरे द्यायला खरंच अडचण असेल तर तेवढं काळं करून बाकीचं द्यायचं, कलम १०. खर्च, कंत्राट, फुटेज किती दिवस ठेवतात ह्याचा नियम, बघायचा अधिकार कुठल्या हुद्द्याला, एवढं वेगवेगळं करून अपिलात मांडा. बघणाऱ्यांची नावं मागू नका, वैयक्तिक माहिती म्हणून परत येईल, आणि नव्या डेटा कायद्यानं ते कलम अजून घट्ट केलंय.

पहिलं अपील उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडं. तिथंही नाही झालं तर दुसरं ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं, आणि तिथं तारीख लागायला वेळ लागतो हे धरून चाला. अपिलावर कोर्ट फी स्टॅम्प २० रुपयांचा, अर्जासारखा १० चा लावला तर परत येतो, मागच्या वर्षी एकाचं तसंच झालं. रजिस्टर एडीच्या जागी आता स्पीड पोस्ट आलंय, काउंटरवर पोचपावती वेगळी मागून घ्या, स्वतःहून देत नाहीत.